अव्वाच्या हातची बाळंतपणं

सोलापुरात मी केलेल्या पहिल्याच बाळंतपणात दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सुईणीने, अव्वाने, माझ्या हातावर चापट मारली. खाटेवर एका विणकराची बायको होती, पहिलटकरीण, वय फार तर सोळा. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं आणि मी शिकले होते तसं तिला डाव्या कुशीवर वळवून, डोक्यावर तळहात ठेवून, त्याला सावकाश येऊ देत होते. अव्वाला ते बघवेना. तिच्या मते मी लेकराची वाट अडवून बसले होते. तिने मला बाजूला सारलं, पोरीला उताणी केली, पोटावर दोन्ही हातांनी दाब दिला आणि तेलुगूत काहीतरी ओरडली. पोरीने होता नव्हता तो सगळा जोर लावला. एका झटक्यात बाळ बाहेर आलं, रडलं, आणि अव्वाने नाळ हातात धरून माझ्याकडे पाहिलं. बाहेर बसलेली पोरीची सासू अव्वाचेच पाय धरायला आत आली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझं माहेर नातेपुत्याजवळच्या एका खेड्यात. पंधराव्या वर्षी मला वैधव्य आलं आणि माझे मामा, जे शाळामास्तर होते, त्यांनी सगळ्यांशी भांडून मला पुण्याला शिकायला ठेवलं. तिथून मी नर्स आणि सुईणकाम असं दोन्ही शिकून सोलापूरच्या ह्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आले. दवाखाना म्हणजे विणकरांच्या वस्तीला लागून भाड्याने घेतलेलं एक दगडी घर. आठ खाटा, एक बाळंतपणाची खोली, मागे विहीर आणि धुण्याचा दगड. दिवसभर चहूबाजूंनी हातमागांचा खटखटाट चालायचा. पहिले काही दिवस माझं डोकं दुखायचं, मग तो ऐकू येईनासा झाला.

अव्वा साठीच्या पुढची होती. त्या वस्तीत चाळीस वर्षं तिनेच बाळंतपणं केली होती, आणि ज्यांची केली त्यांच्या मुलींचीही केली होती. तिला सगळे अव्वा, म्हणजे आजी, म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. डॉक्टरीणबाईंनी तिला मुद्दाम दवाखान्यात कामाला ठेवलं होतं, कारण ती नसती तर त्या गल्ल्यांमधली एकही बाई आमच्या पायरीवर चढली नसती.

डॉक्टरीणबाई मद्रासकडे शिकून आलेल्या. फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी येऊन त्या पोरीला तपासलं, फाटलेलं होतं ते टाके घालून शिवलं आणि हात धुताना मला म्हणाल्या, "तू करत होतीस ते बरोबर होतं. पण एकदा बरोबर करून उपयोग नाही. रोज झालं पाहिजे."

त्यानंतर त्यांनी दवाखान्याला नवी शिस्त लावली. गर्भपिशवीचं तोंड पुरतं उघडल्याशिवाय कोणी बाईला जोर करायला सांगायचं नाही. पोटावर दाबायचं नाही. तेलाची बोटं घालून वाट रुंद करायची नाही. डोकं येताना हात ठेवायचा, आणि कळ ओसरल्यावर ते बाहेर येऊ द्यायचं. कळा चालू असताना दर चार तासांनी बाईला लघवी करवायची, होत नसेल तर रबराची नळी घालून काढायची, कारण भरलेल्या लघवीच्या पिशवीवर बाळाचं डोकं तासन् तास दाबून राहिलं की ती आतून सडते. आणि नाळेमागून वार पडल्यावर प्रत्येक बाईला, मग ती पहिलटकरीण असो की आठवी खेप असो, कंदील खाली धरून नीट बघायचं. फाटलं असेल तर त्याच दिवशी टाके. ह्यातलं काही नवीन नव्हतं. मी पुण्याला हेच शिकले होते. पण शिकलेलं आणि रोज केलेलं ह्यात किती अंतर असतं ते मला सोलापुरात कळलं. दोन बायका एकदम अडल्या, तिसरी दारात ओरडत असली, की हात आपोआप जुन्या सवयीने चालतो. माझाही एक-दोनदा चालला.

अव्वा डॉक्टरीणबाईंसमोर सगळं करायची आणि त्यांची पाठ वळली की आपलं करायची. मी काही म्हटलं की ती एकच गोष्ट बोलायची. तिचं मराठी तोडकं होतं, पण ते वाक्य मात्र तिने पक्कं करून ठेवलं होतं. "तू एक तरी पोरगं जन्माला घातलंस का?" मी कंदील पुसायला जायची.

असं आठ-नऊ महिने चाललं. तेवढ्यात मी थोडी तेलुगू शिकले. मेल्लगा म्हणजे सावकाश, हा शब्द मी सगळ्यात आधी शिकले, कारण डोकं येताना बायकांना तोच सांगावा लागे. माझे उच्चार ऐकून कळा देणाऱ्या बायकासुद्धा हसायच्या.

मग एका सकाळी एक बाई चौथ्या बाळंतपणाला आली. तिशीची असेल. ती बाकावर बसेना. बरोबर आणलेलं पोतं तिने जमिनीवर दुमडून घातलं आणि त्यावर, भिंतीकडे तोंड करून, बसली. तिचं बाळंतपण तास-दीड तासात झालं, अगदी सोपं. नंतर डॉक्टरीणबाई बघायला बसल्या आणि बघतच राहिल्या. तिथलं फाटणं त्या दिवसाचं नव्हतंच. फार वर्षांपूर्वी ती बाई पार मागेपर्यंत फाटली होती आणि तशीच भरून आली होती. पुढची आणि मागची वाट एक झाली होती. तिला शौच धरवत नव्हतं. मधली दोन बाळंतपणं तिने घरी एकटीने केली होती, दार लावून, म्हणजे कोणाला दिसायला नको.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं की पहिलं बाळंतपण कोणी केलं. ती म्हणाली, "अव्वाने."

अव्वा विहिरीवर कपडे धूत होती. डॉक्टरीणबाईंनी मला तिला बोलवायला सांगितलं. ती हात पुसत आली. त्यांनी तिच्या हातात कंदील दिला आणि फक्त म्हणाल्या, "बघ." अव्वा वाकली. मी तिच्या मागे उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, कंदील मात्र दिसत होता. बराच वेळ तो जागचा हलला नाही. मग ती सरळ झाली आणि तेलुगूत म्हणाली की मला कधी कोणी सांगितलं नाही.

खाटेवरची बाई छताकडे बघत होती. ती म्हणाली, "तू विचारलं कधी, अव्वा?"

रागावून म्हणाली नाही. बाळाला दूध पाजायचंय असं सांगावं तसं म्हणाली. डॉक्टरीणबाई उठून हात धुवायला गेल्या. मी बाळाला पुसून तिच्या कुशीत दिलं. अव्वा कंदील घेऊन तशीच उभी होती, शेवटी मीच तो तिच्या हातातून काढून घेतला.

दोन दिवस अव्वा कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, सगळं काम केलं, आणि जेवणानंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दुपारच्याला माझ्यासंगं चल." कुठे ते सांगेना. आम्ही वस्तीत शिरलो तेव्हा मला कळलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या दारामागे कोणाचं बाळंतपण केलं हे तिला सगळं पाठ होतं. ती त्या प्रत्येक दारात जाऊन विचारणार होती. मला का नेलं? कोणी होय म्हटलं तर पुढे काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून.

त्या दुपारी पहिल्या घरात एक आजीबाई भेटल्या. अंगावर चांगलं लुगडं, घरात चार माग. अव्वाने कानात विचारलं तशा त्या खळखळून हसल्या. लघवी कोणाला धरवते, असं त्यांनीच आम्हाला विचारलं. त्यांच्या सुनांची तीच गत होती, थोरल्या बहिणीची तीच होती. बाई बाळंत झाली की असंच होतं, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि म्हणून त्या गेली वीस-बावीस वर्षं कापडाची घडी घेऊन सुखाने वावरत होत्या. मी सांगितलं की असं व्हायलाच पाहिजे असं नाही. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि अव्वाला विचारलं की हिला कसं ठाऊक.

पुढच्या दाराशी आम्हाला हव्या असलेल्या बाईची जाऊ आडवी आली. ती बाहेर येत नाही, म्हणाली. अव्वा दारातूनच आत बोलली. आतून बारीक आवाजात उत्तर आलं, दोन-तीन वाक्यं, आणि कडी लागली. अव्वा चालायला लागली. आतली काय म्हणाली असं मी दोनदा विचारलं. गल्लीच्या टोकाला आल्यावर ती थांबली. मग म्हणाली, "म्हणाली, लवकर मोकळी केलीस म्हणून तुला तवा लुगडं दिलं होतं. अजून नेसतीस का?"

आम्ही महिनाभर फिरलो, दवाखान्यात काम कमी असेल त्या दुपारी. बहुतेक बायकांनी नाही म्हटलं. काहींचं नाही खरं होतं. काहींचे नाही म्हणताना डोळे खाली जायचे, आणि घरात इतर माणसं असत, तेव्हा आम्ही दुसरं काही विचारू शकत नव्हतो. एक बाई नवऱ्याने सोडल्यामुळे अक्कलकोटकडे माहेरी गेली होती, पाच वर्षं झाली. अंगाला वास येतो म्हणून सोडली, असं शेजारणीने सांगितलं. त्या घरात आता दुसरी बायको होती, तीही पोटुशी. तिने अव्वाला आग्रहाने सांगितलं की माझंही तूच कर. अव्वा म्हणाली दवाखान्यात ये, तिथे मी करते. ती मान डोलवत राहिली. आली नाही. घरीच बाळंत झाली, आणि तिचं काय झालं ते बघायला आम्हाला कोणी आत घेतलं नाही.

त्या सगळ्या फिरण्यातून एकच बाई शस्त्रक्रियेला तयार झाली. पंचविशीची, हुशार, रहाटावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायची. तिचा नवरा आणि दीर मागावर बसत. डॉक्टरीणबाईंनी दीड तास खपून तिचं जुनं फाटलेलं नीट केलं. तीन आठवडे पडून राहायचं, पातळ खायचं, ओझं उचलायचं नाही. अव्वा रोज तिला स्वतः पुसून काढायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. नवव्या दिवशी ती बाई मला हळूच म्हणाली, "अक्का, आज मला कळलं." म्हणजे शौचाची भावना आधी कळली, तिला थांबता आलं. एवढं सांगताना तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

अकराव्या दिवशी तिचा नवरा आला. वाईट माणूस नव्हता. लग्नसराईच्या लुगड्यांचं काम अंगावर होतं, कांड्या भरायला कोणी नव्हतं, दोन्ही माग बंद पडले होते. तो हात जोडून उभा राहिला. डॉक्टरीणबाई त्या दिवशी पंढरपूरला एका अडलेल्या बाईसाठी गेल्या होत्या. मी त्याला समजावलं, मग तिला समजावलं. ती माझं सगळं ऐकून घेत होती आणि एकीकडे लुगडं नेसत होती.

मी म्हटलं, "दहा दिवस. फक्त दहा दिवस थांब."

"दहा दिवस पोरं काय खातील, अक्का?" ती म्हणाली.

मी दारात उभी होते. तिला जाण्यासाठी मला बाजूला व्हावं लागलं, आणि मी झाले. ती पंधरा दिवसांनी दाखवायला आली तेव्हा सगळं उसवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुन्हा करता येईल, पण निदान सहा महिने जाऊ देत. सहा महिन्यांनी ती आली नाही. मी बोलवायला गेले तर ती रहाट फिरवतच होती, आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलली.

त्याच वर्षी वडिलांच्या श्राद्धाला मी माहेरी गेले. आईला मी लहानपणापासून बघत होते, पण बघितलं म्हणावं असं त्या खेपेला. ती कोणाच्या जवळ बसत नव्हती. श्राद्धाच्या पंगतीत वाढत नव्हती. तिचं अंथरूण शेरडांच्या गोठ्यालगत असायचं. आईला शेरडांचाच वास येतो असं आम्ही सगळी भावंडं धरून चाललो होतो, आणि मी शाळेत जायला लागल्यावर त्या वासाची मला लाज वाटायची. मी नर्स होऊन दोन वर्षं होत आली होती. लोकांच्या दारात जाऊन विचारत होते. आणि आईच्या बाबतीत माझ्या हे एकदाही मनात आलं नव्हतं.

ती शेरडांना पाला टाकत होती तिथे मी गेले आणि विचारलं. तिने हातातला पाला तसाच धरला.

"कुणाला काय बोललीस का?" ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. मग ती पुन्हा पाला टाकायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू झालीस तवापासनं हाय. दोन दिस अडली व्हतीस की."

मी तिला सोलापूरला चल म्हटलं. आमच्या बाई नीट करतील, मी स्वतः तुझ्यापाशी बसेन, कोणाला कळणार नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता हितनं उठून त्या बाईम्होरं पडू व्हय मी? न्हाय. आणि शेरडं कोण बघंल?" मी आणखी काही बोलायला लागले तशी ती उठली आणि शेरडं सोडून माळाकडे निघाली. मी गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं. नंतरच्या प्रत्येक खेपेला मी तिला विचारायचं ठरवून गेले, आणि ती प्रत्येक खेपेला मी तोंड उघडायच्या आत शेरडं सोडायची.

दवाखान्यात मात्र हळूहळू ते सगळं रोजचं झालं. कोणाला सांगावं लागेना. कळा घेत असलेल्या बाईला चार तास झाले की कोणीतरी उठवून नेई. वार पडली की कंदील खाली जाई. अव्वाचा तळहात आता डोक्यावर माझ्यापेक्षा स्थिर राहायचा, आणि मेल्लगा, मेल्लगा हे तिच्या तोंडून ऐकताना बायका खरंच श्वास सोडून सैल पडायच्या. आठ खाटांवर क्वचितच कोणी फार फाटत असे. पण वस्तीत दिवसाला जेवढ्या बायका बाळंत होत त्यातल्या किती आमच्याकडे येत? मोजायला मला बोटं पुरली असती.

अव्वाने वस्तीतल्या सुइणींना बोलावून सांगायचं ठरवलं. तिच्या घरी दोघीच आल्या. तिने त्यांना कुशीवर निजवायचं कसं, हात ठेवायचा कसा, सगळं करून दाखवलं, उशीचं पोट करून. त्या हसल्या. म्हातारी दवाखान्यात जाऊन बिघडली, असं त्यांनी बाहेर सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका पोरीला हातगाड्यावरून आणलं. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घरी अडून होती. बाळ पोटातच दगावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते काढलं, पोरगी वाचली. पण भीती होती तेच झालं, सहाव्या दिवसापासून लघवी आपोआप वाहायला लागली. आम्ही नळी घालून ठेवली, कधी कधी लघवीच्या पिशवीला पडलेलं छोटं भोक तेवढ्याने बुजतं म्हणून. तीन आठवडे ठेवली. बुजलं नाही.

तिचं बाळंतपण करायला बसलेली सुईण ही अव्वाच्या बहिणीची मुलगी होती. अव्वाने तिला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि पोरीच्या खाटेपाशी उभं केलं. पहिल्या दिवसापासून पोट दाबलं का, तेल घातलं का, लघवी करवली का, एकेक विचारलं. बोलणं तेलुगूत चाललं होतं, पण आता मला सगळं समजत होतं. भाची घाबरली नाही, उद्धटही बोलली नाही. ती म्हणाली, "मी लहान असताना तुझ्या मागून फिरले, मावशी. तू जसं करत होतीस तसंच मी केलं."

अव्वा खाटेच्या कडेला बसली. भाची निघून गेली. पोरीची चादर पुन्हा ओली झाली होती. अव्वाने ती काढली, मी दुसरी आणली, आणि दोघींनी मिळून घातली.

पोरीचा नवरा एकदाही आला नाही. आणखी काही दिवसांनी तिचा बाप बैलगाडी घेऊन आला, दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावाहून. तो कानडीच बोलत होता, त्यामुळे मला त्याला फारसं काही सांगता आलं नाही. स्वच्छता कशी ठेवायची ते मी हातवारे करून दाखवलं. अव्वाने धुवून वाळवलेल्या फडक्यांचं एक मोठं गाठोडं गाडीत ठेवलं. सहा महिन्यांनी परत आणा, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं. बापाने पोरीला गाडीत बसवलं, तो कागद पटक्यात खोचला आणि बैलांना हाक दिली.

त्यांना कोणी पुन्हा पाहिलं नाही.